भिंतीवरची माणसं बदलणारे तात्या

आखाड लागला की मला दुकान उघडूच नये असं वाटायचं. बाकीच्यांना आखाड म्हणजे मटणाची पातेली आणि तळणाचा वास. मला आखाड म्हणजे शेजारचे फोटोवाले तात्या. लग्नसराई उरकलेली, स्टुडिओत चिटपाखरू नाही, आणि गप बसणं या माणसाच्या पत्रिकेतच नाही. मी दुकान उघडून उदबत्ती लावतोय न लावतोय तोवर मधल्या फळीवर टकटक व्हायची आणि पलीकडून आवाज यायचा, "हायस का रं? पक्कड घे. येक फ्रेम उघडायची हाय."

उघडायची म्हणजे कुठली, तर मीच बनवलेली. मीच काच कापलेली, मीच मागं पुठ्ठा लावून खिळे ठोकलेले. माझं इंदापूरच्या पेठेत काच-फ्रेमचं दुकान, त्यांचा स्टुडिओ त्याला खेटून, मध्ये नुसत्या फळ्या. त्यांनी माणूस कागदावर उतरवायचा आणि मी तो चौकटीत बसवायचा, असा आमचा वर्षानुवर्षांचा संसार. संसारच म्हणायचा, कारण बोलणं कमी आणि कुरबूर जास्त.

तात्यांचं खूळ असं होतं. तरुणपणापासून काढलेल्या सगळ्या निगेटिव्ह त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत जपून ठेवल्या होत्या. आखाडात ते डबे माळ्यावरून खाली यायचे. खाली आरसा लावलेली एक तिरकी काच त्यांच्याकडं होती. तिच्यावर एकेक निगेटिव्ह ठेवून, चष्मा कपाळावर चढवून, हा माणूस तासन्‌तास बघत बसायचा आणि मधूनच स्वतःला शिवी हासडायचा. "हितं माती खाल्ली मी," म्हणायचा.

माती काय खाल्ली हे सांगायला हवं. जुन्या काळात फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला गोरं आणि गुळगुळीत दिसायचं असायचं. तात्या पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचे आणि निगेटिव्हवर बारीक बारीक ठिपके भरायचे. पेन्सिल लागली की फोटोत तेवढा भाग उजळ यायचा. सुरकुती गेली, चामखीळ गेली, देवीचे वण गेले. अख्ख्या तालुक्याची तोंडं या माणसानं लिंपून काढली होती. आणि आता उतारवयात त्याला उपरती झालेली. टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवून स्वतःचीच पेन्सिल पुसायची, खालचं मूळ तोंड वर आणायचं, नवा फोटो करायचा. तोही स्वतःजवळ ठेवेल तर शपथ. त्या माणसाच्या घरी जाऊन भिंतीवरचा जुना फोटो उतरवायचा आणि त्याच फ्रेममध्ये नवा घालायचा. फुकट. एम-एटीवर पुढं तात्या, मागं मी, माझ्या मांडीवर पक्कड, हातोडी आणि पुडीत खिळे.

"तात्या, लोकांनी मागितलंय का?" मी वैतागून विचारायचो.

"काढताना मी गिऱ्हाईक बघितलं," ते म्हणायचे. "आता माणूस बघतो. चूक दिसल्यावर तशीच भिंतीला ठिवू व्हय?"

चूक त्यांची आणि खिळे माझे.

रस्त्यानं जाताना तर यांच्याबरोबर चालायची सोय नव्हती. समोरून येणाऱ्याच्या तोंडावर ऊन कसं पडलंय ते बघायचे आणि बोट त्याच्या हनुवटीला लावून तोंड फिरवायचे. "जरा हिकडं बघा. हां, आता दिसलासा." ओळखीचे लोक सवयीनं हनुवटी पुढं करायचे. एकदा नवीन आलेल्या फौजदाराची हनुवटी फिरवली. मी चहाच्या गाड्यामागं दडलो. फौजदार बिचारा बघत राहिला आणि दुसऱ्या दिवशी टोपी घालून फोटो काढायला आला. तात्यांनी त्याची टोपी काढायला लावली ती गोष्ट वेगळी.

सुप्याकडचे एक बाबा होते. घरात पूर्वी मेंढरं, पुढं पिठाची गिरणी घातली. त्यांच्या कपाळावर लहानपणी मेंढ्यानं दिलेल्या टकरीचा वण होता. तात्यांनी तो तरुणपणी पेन्सिलीनं बुजवला होता, तो आखाडात परत उकरून काढला. आम्ही तो फोटो घेऊन एवढ्या लांब गेलो तर बाबा लालबुंद. "तुमाला काय खूळ लागलंय का? ह्यो वण घालवा म्हणून तवा मी तुमाला कोंबडं खाऊ घातलं हुतं."

तात्या खाली मान घालून उभे. तेवढ्यात आतून बाबांची बायको आली, पीठ झाडत. फोटोपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "आता कसं वळखू आलं. इतकी वर्सं मला कळंना, भिंतीला ह्यो कोण पावणा बसलाय."

बाबांनी फोटो भिंतीला लावू दिला. आम्हाला मात्र परत कोंबडं मिळालं. तात्या दुप्पट जेवले.

दर वेळी असंच गोड झालं असं नाही. वालचंदनगरच्या कॉलनीत एका साहेबांच्या बाई होत्या. लग्नाच्या फोटोत तात्यांनी त्यांच्या गालावरचा भाजल्याचा डाग घालवला होता. तो परत आणून आम्ही त्यांच्या दारात. बाईंनी नवा फोटो पाहिला, शांतपणे टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "माझा चेहरा कसा आहे ते मला रोज आरशात दिसतं. भिंतीवर मला हवा तसा राहू द्या."

तात्यांचं तोंड एवढंसं झालं. मला म्हणाले, "लाव परत जुना." येताना कळस गावाच्या पुढं त्यांनी गाडी उसाच्या कडेला घेतली. मग म्हणाले, "चूक माझीच. तिनं तोंड माझ्याकडं ठेवायला दिलं हुतं, दान दिलं न्हवतं." त्यानंतर घरच्यांना विचारल्याशिवाय त्यांनी फोटो बदलला नाही. तरी विचारायची पद्धत अशी की नाही म्हणायची समोरच्याची छाती होऊ नये.

त्याच सुमाराला बारामतीला कलर लॅब निघाली. एमआयडीसीत लागलेली पोरं मोटरसायकलवर टांग टाकून तिकडंच जायला लागली. सकाळी फोटो, दुपारी हातात, तोही रंगीत. तात्यांचा धंदा बसला. मला वाटलं आता हे तणतणणार. पण एक दिवस एसटीनं बारामतीला गेले, लॅबवाल्याला विचारून दिवसभर मशीनसमोर स्टुलावर बसले आणि संध्याकाळी खुशीत परतले. "मशीन लई हुशार हाय," म्हणाले. "फकस्त दुसऱ्यांदा बघत न्हाय." धंदा बुडत असताना समोरच्या मशीनचं कौतुक करणारा हा माणूस मला मनापासून आवडायचा. शिव्या मी देत होतोच, ते जाऊ द्या.

आता खरी गोष्ट. त्या आखाडात तात्यांनी फळीवर टकटक केली नाही, मला आत बोलावलं. काचेवर एक निगेटिव्ह होती. पाकिटावर नाव होतं एका तरण्या गड्याचं. वालचंदनगरच्या अलीकडं उसातली एक वाडी आहे, तिथला. कावीळ होऊन मेला होता तेव्हा त्याचं पोरगं रांगत होतं. तेराव्याला पुजायला फोटो लागतो म्हणून त्या घरासाठी केलेली ती निगेटिव्ह.

"ह्याचं तोंड लईच घासलंय मी," तात्या म्हणाले. "तोंड बघ, पंचविशीचं. अन्‌ मान बघ. मान चाळिशीची हाय."

"मेलेल्या माणसाची मान कशाला बघताय," मी म्हणालो.

पण ऐकतील तर ते तात्या कसले. कापूस फिरवला, सगळी पेन्सिल पुसली. सुरकुत्या आल्या, नाकाशेजारी मस आला, बारीक मिशी चांगली झुबकेदार झाली. नवा फोटो वाळल्यावर तात्या खूश. म्हणाले, "ह्यो खरा."

वाडीवर गेलो तर ते रांगणारं पोरगं आता कारखान्यात कामाला, स्वतः दोन लेकरांचा बाप. भला माणूस. ड्युटीला निघताना भिंतीवरच्या वडिलांच्या पाया पडल्याशिवाय घराबाहेर न पडणारा. त्यानं हसून परवानगी दिली. "करा की चांगला. आमी त्यांना फोटूतच बघितल्यालं, जेवढं नीट दिसंल तेवढं बरं."

मी फ्रेम उतरवली, खिळे काढले, जुना काढून नवा घातला, काच पुसून भिंतीला लावली. तेवढ्यात त्याची आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पन्नाशी ओलांडलेली, पांढऱ्या कपाळाची बाई. तिनं भिंतीकडं पाहिलं आणि झटक्यात डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढला. तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि दाराआड सरकली.

पोरगा हसला. "आय, तात्या घरचंच हाईत की. त्यांच्याम्होरं कसला पदर?" मग त्यानं मान वर करून फोटो पाहिला आणि त्याचं हसू गेलं. "आरं," तो म्हणाला, "हे तर थोरलं आबा."

थोरले आबा म्हणजे त्याचे सख्खे चुलते, वडिलांचे मोठे भाऊ. दोनतीन वर्षांपूर्वी वारलेले. यानंच त्यांना अग्नी दिलेला. आणि थोरल्या दिरापुढं बाईनं तोंड उघडं ठेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

दाराआडून आवाज आला, "व्हय. तेच हाईत ते. पहिल्यापासनं तेच हाईत."

तात्या खाली बसले. त्यांना तेव्हा आठवलं. धाकटा भाऊ गेला तेव्हा घरात त्याचा एकही फोटो नव्हता. थोरला रडत रडत स्टुडिओत आला आणि म्हणाला, आमचं दोघांचं तोंड सारखं हाय, मला बसवा आणि माझं वय कमी करा. त्या काळी असं सर्रास व्हायचं. कुणाच्या धडावर कुणाचं तोंड, कुणाच्या डोक्यावर कुणाचा फेटा. तात्यांनी असे कितीक फोटो केले आणि विसरले.

पोरगा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही. "तुमी आमच्या घरात माणूस बदलला व्हय, तात्या? रोज डूटीला जाताना मी कुणाच्या पाया पडत हुतो?"

उत्तर आईनंच दिलं. "ज्यांनी तुला वाढिवलं त्यांच्या. त्यात काय वाईट झालं?"

"अन्‌ तू का न्हाय बोलली कदी?"

"काय बोलू? तू रांगत भिंतीपातुर जायचास आन्‌ फोटूला बा म्हणायचास. तेवढं येक तुला हुतं, ते कशाला मोडू?" ती जरा थांबली. "मी आपली फोटूखालनं जाताना पदर घ्यायची. घरात कोण बघतंय."

मग पोरानं विचारलं, आणि विचारताना तो कारखान्यातला कामगार राहिला नाही, "आय, आमचं वडील दिसायचं कसं गं?"

"उंच हुतं," ती म्हणाली. "आन्‌ हसलं की..." पुढं तिला सांगता येईना. "आदी डोळं मिटलं की दिसायचं. आता डोळं मिटलं तरी थोरलं भाऊजीच म्होरं येत्यात. मला बी त्यांचं तोंड गावंना झालंय रं."

तात्या उठून दारापाशी गेले. दाराकडं पाठ करून, भिंतीशी बोलावं तसं बोलले. "वैनी, कुठंतरी असतील. लगीन, जत्रा, बैलांचा बाजार. कुटंबी हुबं ऱ्हायलं असतील. आटवा."

"फोटूला कदी बसलंच न्हाईत," ती म्हणाली. "माज्या धाकट्या नणंदंच्या लग्नात तुमीच आला हुता. तवाबी सगळ्यांचं फोटू झालं, अन्‌ हे आपलं चादर धरून हुबं."

रानातल्या लग्नात तेव्हा पडदा कुठला. नवरा-नवरीच्या मागं दोन उंच गडी पलंगावरची चादर ताणून धरायचे, तोच पडदा. चादर धरणारा फोटोत येऊ नये, हीच त्यातली कला.

परत येताना तात्यांनी गाडी अशी चालवली की मी सगळे देव आठवले. दुसऱ्या दिवसापासून स्टुडिओचं दार अर्धं बंद. सगळे डबे खाली, जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही. त्यांच्या घरून आलेला जेवणाचा डबा मी फळीवरून आत सरकवायचो आणि तसाच भरलेला परत घ्यायचो. "तात्या, जिवाचं काय बरंवाईट करून घेताय का?" मी ओरडायचो. आतून नुसती पत्र्याच्या डब्यांची खडखड.

आणि एका दुपारी टकटक झाली. गेलो तर काचेवर नणंदेच्या लग्नाची निगेटिव्ह. नवरा-नवरी मुंडावळ्या बांधून उभे, आणि त्यांच्या भोवतीनं सगळं लाल. निगेटिव्हवर लाल रंग फासला की फोटोत तेवढी जागा पांढरीफटक येते. चादर, चादर धरणारे, मागचा गोठा, सगळं तात्यांनी त्या वेळी लाल रंगाखाली गाडलं होतं, जोडी स्वच्छ दिसावी म्हणून.

पेन्सिल टर्पेंटाइननं जाते, हा रंग साध्या पाण्यानं निघतो. पण जुना, वाळून पापडी झालेला. जोर केला तर खालची निगेटिव्ह खरवडायची भीती, आणि ती गेली की सगळंच संपलं. ओल्या कापसाचा बोळा टेकवायचा, थांबायचं, उचलायचा. बोळा त्यांनी धरला, निगेटिव्ह मी धरली. आधी चादरीची कड आली. मग ती घट्ट धरलेली मूठ. मग कोपरापर्यंत वर सरकलेली बाही. मग पटका, आणि पटक्याखाली तोंड. निगेटिव्हमध्ये काळं-पांढरं उलटं असतं, तरी मला कळलं की हा माणूस तोंडभर हसतोय.

मोठा फोटो केला तेव्हा नीट दिसलं. अर्धा गाल चादरीमागं, बाकीचं तोंड उघडं, सगळे दात बाहेर. आणि त्याच्या खांद्यामागं कोपऱ्यात एक लांबडा कान.

"शेळी हाय," मी म्हणालो. "तेवढी कापून टाकू. आन्‌ गालाचं बघा काय जमलं तर. तोंड मिटवता येतं का? दात दिसणारा मेलेला माणूस कुणी भिंतीला लावतं व्हय?"

"ह्यो तवा मेला न्हवता," तात्या म्हणाले.

सवयीनं त्यांनी पेन्सिल उचलली होती, टोकही काढलं होतं. ती तशीच खाली ठेवली. "ह्याला मी येकदा पुसलाय. आता हात लावत न्हाय." आणि शेळीसकट फोटो माझ्या हातात दिला. मी माझ्याकडची सगळ्यात चांगली सागवानी पट्टी काढली. कुणी सांगितलं नव्हतं.

वाडीवर गेलो तेव्हा थोरल्या आबांची तसबीर दुसऱ्या भिंतीला गेली होती, थोरले आबा म्हणूनच. त्यांच्या गळ्यात ताजा हार होता. पोरगा पहिली पाळी करून घरी आलेला. समोरची भिंत त्यानं पुसून रिकामी ठेवलेली. तात्या उंबऱ्याच्या आत आलेच नाहीत. चप्पल काढून बाहेरच उभे राहिले, पोर निकालाला उभं राहतं तसे. मला म्हणाले, "तूच लाव."

मी खिळा ठोकला, फ्रेम टांगली, बाजूला झालो. पोरानं पाहिलं आणि ओठ दाबून खाली बघितलं. त्याला काही ओळख पटायचा प्रश्नच नव्हता. तो आईकडं बघायला लागला. आम्ही सगळेच तिच्याकडं बघायला लागलो. ती सावकाश पुढं आली. फोटोपासून हातभर अंतरावर थांबली. जीव जाईल इतका वेळ बघत राहिली, आणि पहिला शब्द बोलली तो, "शेळी."

कापायला हवी होती, मनात म्हटलं.

"काय गं आय?" पोरगा म्हणाला.

"आरं, ती शेळी मागनं त्यांच्या पटक्याचा शेमला खात हुती." तिचा आवाज एकदम तरण्या बाईचा झाला. "ह्यांचं दोनी हात चादरीत. ह्यांना काय ठावं? म्या बायकांच्यात बसल्याली, म्होरं सगळी थोरली माणसं, बोलायचं कसं? म्हणून हातानंच सांगत हुते, मागं बघा, मागं बघा. ह्यांना वाटलं मी लाडात आले. हसाय लागलं. फोटूवालं वरडत हुतं, चादर हलतीया, चादर हलतीया म्हणून, तरी हसणं थांबंना." ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं भान तिला नव्हतं. "बघ की, कुणाकडं बघत्यात. माज्याकडं बघत्यात."

बाहेर तात्या धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत होते.

पोरानं बाजारातून हार आणून ठेवला होता. तो दोन्ही हातांत धरून पुढं आला आणि हळूच म्हणाला, "आय, घालू का?"

तिनं फोटोवरून नजर न काढता त्याचा हात धरला. "थांब जरा," म्हणाली. "हारानं तोंड झाकंल."